साखरेचं रक्त

राणी पुन्हा मेली आणि भिंगरी पुन्हा हसली.

नुसती हसली असती तर एक वेळ चाललं असतं. पण राणीच्या गळ्यावरून ओघळणाऱ्या रक्तात तिनं बोट बुडवलं, ते चाटलं आणि कॅमेऱ्याकडे बघून पसंतीची मान डोलावली. मेलेल्या राणीलाही हसू आवरेना. तिचं पोट गदागदा हलायला लागलं.

"कट," म्हणून दिग्दर्शक कपाळाला हात लावून बसले.

प्लायवूडच्या तटबंदीआड उभ्या असलेल्या भिंगरीच्या आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोष तिचाच होता. पहिल्या दिवशी रक्ताने माखलेले सैनिक बघून पोरीनं तिच्या कमरेला जी मिठी मारली, ती काही केल्या सुटेना. तेव्हा मेकअपवाल्या काकांच्या वाडग्यातला लाल पाक आईनंच तिच्या जिभेला लावला होता. भीती वाटली की चाखून बघायचं, गोड लागलं की खोटं, असं शिकवलं होतं. पोर शहाणी. तेव्हापासून ती एकेका मुडद्याला चाखत हिंडायची. सैनिकही कापलेले हात हौसेनं पुढे करायचे, आमचं बघ गं, गोड आहे ना, म्हणून विचारायचे. साऱ्या सेटला तो खेळ ठाऊक झाला होता.

ज्या कादंबरीवरून ही मालिका चालली होती, तिच्यात या प्रसंगाला जेमतेम एक ओळ होती. मुलीने सगळे पाहिले, एवढीच. लेखक तेवढं लिहून मोकळा झाला. पडद्यावर मात्र पाहणारीचा चेहरा लागतो, आणि चेहऱ्यावर काहीतरी दिसावं लागतं. डोळ्यांत थेंब घालून झाले, चॉकलेट झालं, दटावणं झालं. राणीनं बिचारीनं स्वतः रडून दाखवलं, तर भिंगरीनं तिचे डोळे पुसले आणि बाऊ कुठे झालाय ते विचारलं.

दाराशी दुसरी एक मुलगी भिंगरीसारखाच रेशमी झगा घालून खुर्चीवर पाय हलवत बसली होती. तिची आई वाकून तिची वेणी सारखी करत होती. भिंगरीच्या आईनं तिकडे एकदा पाहिलं, मग पाहायचं टाळलं.

दिग्दर्शक तिच्याजवळ आले. माणूस तसा वाईट नव्हता. रोज सकाळी पोरीला खांद्यावर घेऊन सगळा राजवाडा फिरवून आणायचा.

"ताई, तुम्ही जरा त्या पडद्यामागे थांबा. तिला सांगतो, आईला गाडीनं उडवलं. रडली की तुम्ही समोर या."

"घाबरेल हो ती."

"तेच तर हवंय. लहान आहे, संध्याकाळपर्यंत विसरेल."

नाही म्हणायला तोंड तेवढं उघडायचं होतं. पण नवऱ्यानं साऱ्या गोतावळ्याला सांगून ठेवलं होतं. जावेनं नाक मुरडून विचारूनही घेतलं होतं, की नुसती गर्दीत उभी राहणार आहे का गं तुझी लेक? आईनं मान हलवली आणि पर्स पोटाशी धरून पडद्यामागे गेली. गेली तशी पुन्हा डोकावली. आधी तिला घोटभर पाणी पाजा, म्हणाली.

पडद्यापलीकडे बराच वेळ नुसती कुजबुज होती. गाडी, रस्ता, रक्त असे सुटे शब्द आईच्या कानावर येत होते. मग भिंगरीचा आवाज आला, अगदी रोजचा, चौकस.

"तुम्ही चाखून बघितलं?"

कुणाची तरी खुर्ची करकरली.

"हो," दिग्दर्शक म्हणाले. "खारट होतं, बाळा."

त्यानंतर जे ऐकू आलं, ते आईनं कधी ऐकलं नव्हतं, पोर जन्मली तेव्हाही नाही. ती पडदा ओढायला धावली, पण सहायक मुलीनं तिचा दंड धरला. थांबा ना काकू, चेहरा जवळून घेतायत, असं ती हळूच म्हणाली. मुलीच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण पकड घट्ट होती. आईनं पर्सचा पट्टा दातांत धरला.

मग टाळ्या वाजल्या. टाळ्या बराच वेळ वाजत राहिल्या.

आई धडपडत पुढे आली आणि लेकीसमोर गुडघ्यांवर बसली. "मी आहे बघ, पिल्ला. खोटं होतं गं सगळं. इथेच होते मी."

भिंगरीचे हुंदके थांबले. तिनं आईकडे नीट पाहिलं. मग बोट पुढे केलं, आईच्या गालावरून ओघळणारा थेंब टिपला आणि जिभेवर ठेवला.

हळूहळू ती मागे सरली. राणी अजून फरशीवर तशीच पडली होती, गळा चिरलेली. भिंगरीनं तिच्या गळ्यावरचा लाल पाक चाखला आणि मुकाट्यानं तिच्या कुशीत शिरली.