मालकांचा माणूस

आठ बिऱ्हाडांची ती इमारत त्याने विकत घेतली, तेव्हा दलालाने त्याला कानमंत्र दिला होता, "भाडेकरूंना तुम्हीच मालक आहात म्हणून सांगूच नका. स्वतःला मॅनेजर म्हणा. नकार देणं सोपं जातं." खरंच सोपं गेलं. कुणी काही मागितलं की तो म्हणायचा, "मालकांना विचारून सांगतो," आणि दोन दिवसांनी पडेल चेहऱ्याने येऊन सांगायचा, "मालक नाही म्हणाले."

वरच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या काकूंच्या छताच्या गळतीची दुरुस्ती दोन वर्षं अशीच लांबली. भिंतीवर ओल जिथवर उतरेल, तिथे काकू पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहीत. आजची रेघ नातीच्या उशाशी होती. नात खोकत होती.

"या वेळीही नाहीच म्हणाले," तो पुटपुटला.

काकूंनी मशीन थांबवलं. "दगडाला पाझर फुटेल, पण तुझ्या मालकाला नाही. तू कशाला मान खाली घालतोस? माझ्या भाच्याच्या गोदामात देखरेखीला माणूस हवाय. तुझ्यासाठी शब्द टाकून आलेय मी. सोड ती चाकरी. दुसऱ्याची पापं भल्या माणसाने किती दिवस वाहायची?"

त्याची मान वर होईना. खरं काय ते सांगून टाकायला त्याने तोंड उघडलं, पण बाहेर पडलं ते सवयीचंच, "मालकांना विचारून सांगतो."

"विचार की," काकू म्हणाल्या. "आणि त्याला घाबरू नकोस. मी आहे ना!"