पाच सेकंद पूर्ण जोर

"ओढा! अजून, अजून, अजून... सोडा," तपासणीवाली म्हणाली, आणि धाकटीनं हात सैल सोडला.

मनगटाला पट्टा, पट्ट्याला साखळी, साखळी जमिनीत पक्की. दंडावर पुढे दोन चकत्या चिकटवलेल्या, मागे दोन, त्यांच्या वायरी यंत्रात गेलेल्या. पूर्ण जोर लावला की स्नायूंमधली वीज पडद्यावर रेघांनी उमटते म्हणे. पाच-पाच सेकंद, तीनदा. ही दुसरी खेप झाली.

धाकटीला जोर लावायचाच नव्हता. सात वर्षं वडिलांना, अण्णांना, पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात आणि परत पलंगावर तीच उचलत होती. थोरला भाऊ फोनवर म्हणाला होता, "हात गेलाय असा कागद आण, मग नेतो मी अण्णांना. नुसतं तोंडी नको." तेवढा कागद हातात पडला की सुटली! त्यासाठी चार दिवस तिनं भरलेल्या बादलीवर सराव केला होता. सगळा दंड आवळायचा, तोंड वेडंवाकडं करायचं, पण बादली तसूभर उचलायची नाही. तिला वाटलं, जमलं.

आता अण्णांना घरी सोडणार तरी कुणाजवळ? तेही आलेले. चाकांच्या खुर्चीत, अगदी शेजारी.

"धाकटे, काय हे! लाव की जोर!" अण्णांना राहवेना. "अहो बाई, ऐंशी किलोचा माणूस मी. ही पोर मला उशी उचलावी तशी उचलते."

"आजोबा, मध्ये बोलू नका. हं, शेवटचं. ओढा!"

धाकटीनं दात आवळले. साखळीला जोडलेल्या वजनकाट्यावर जेमतेम चार किलो आले. कपाळावरचा घाम मात्र खरा होता.

तपासणीवालीनं पडद्यावरच्या तिन्ही खेपांच्या रेघा ताडून पाहिल्या. मग स्टूल जवळ ओढून हळूच म्हणाली, "ताई, हात खरंच कमजोर असता तर दोन्ही रेघा मलूल आल्या असत्या. तुमचा पुढचा स्नायू ओढतोय आणि मागचा त्याला धरून ठेवतोय. दोन्हींचा जोर पूर्ण आहे."

धाकटीनं मनातल्या मनात कपाळावर हात मारला. काय पण हुशारी केली आपण!

"सहा महिने तरी मिळू द्या हो," ती कुजबुजली. "मी फार थकलेय."

तपासणीवालीनं एकदा अण्णांकडे पाहिलं, एकदा दाराकडे. "पुन्हा घेऊ एकदा. या वेळी काहीच करू नका. नुसता हात ठेवा."

"काय म्हणालात? दोन्हींचा जोर पूर्ण?" अण्णांना नको तेच नेमकं ऐकू यायचं. "म्हणजे दुप्पट की!" आणि त्यांनी फोन लावलासुद्धा. "अरे थोरल्या, काही झालेलं नाही तिला! यंत्रच सांगतंय. दुप्पट ताकद आहे पोरीत. तू अगदी निश्चिंत राहा!"

"वा, सुटलो बुवा," पलीकडून थोरल्याचा आवाज खोलीभर ऐकू आला. "म्हणजे कागदाचा प्रश्नच मिटला."

तपासणीवालीनं एकेक चकती काढली, दंडावरचा चिकटा बोळ्यानं पुसला. पुन्हा तपासणी घेण्याचा विषय तिनंही काढला नाही.

अण्णांनी फोन धाकटीपुढे धरला. त्यांचे डोळे भरून आले होते. "घाबरलो होतो गं मी. म्हटलं, आता देऊन टाकतेस की काय मला. घे, बोल दादाशी."

धाकटी फोन घ्यायला गेली, तर हात मांडीवरून उठेना. तिनं दात आवळले, सगळा जीव दंडात आणला. उठेना.

तिनं तपासणीवालीकडे पाहिलं. ती वायरी गुंडाळून खणात ठेवत होती.