देदेईची भट्टी

देदेईने कानातले सोन्याचे डूल काढून लेकीच्या हातात दिले, डोक्यावरचा केसांचा टोप खुंटीला अडकवला आणि मासळीला धुरी द्यायच्या भट्टीतली चिमूटभर राख घेऊन दोन्ही गालांना चोळली.

"आई, हे काय चाललंय तुझं?" त्सोत्सू ओरडली.

"गप्प बस. या खेपेला पुस्तकावर मीच असणार."

"अगं पण ऐक तरी! आमच्या बाई वर्गात म्हणाल्या..."

"बाईंना काय कळतंय? मला बघू दे, अजून कुठे राख लावायची ते."

त्सोत्सू यंदाच विद्यापीठात गेली. तिथे पहिल्या वर्षी सगळ्यांना आफ्रिकेची ओळख करून घ्यावी लागते, मग पोर इथे आफ्रिकेतच, अक्रा शहरात जन्मलेलं का असेना. त्या विषयाचं पुस्तक तिने घरी आणलं आणि देदेईची झोपच उडाली. मुखपृष्ठावर शेजारची ओकायले! अंगाला विटका कपडा गुंडाळलेला, गालावर काजळी, डोळे धुराने चुरचुरलेले. आणि मागे भट्टी कुणाची? देदेईची.

तो फोटो सहा वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारचा. मंगळवारी आमच्या होड्या समुद्रात जात नाहीत, त्यामुळे वस्तीतल्या सगळ्या भट्ट्या थंड असतात. एकटी देदेई सोमवारची तारली बर्फात ठेवून मंगळवारी धुरावर लावते. कॅमेरावाला येणार म्हणून ती लेसचा झगा, डूल, टोप घालून सकाळपासून तयार होती. ओकायले आली होती निखारा मागायला. तर कॅमेरावाला देदेईलाच म्हणाला, "आई, तुम्ही जरा बाजूला व्हा. फार नटलेल्या दिसता."

"माझी भट्टी, माझी तारली, आणि तोंड कुणाचं? निखारा मागायला आलेल्या बाईचं!" गेला महिनाभर देदेई भेटेल त्याला हेच ऐकवत होती. बाजारात ओकायलेला लोक 'पुस्तकवाली' म्हणायला लागले, तेव्हा तर तिचा नुसता तिळपापड झाला.

आता पुस्तक नव्याने निघणार होतं. नवा फोटो हवा होता. विद्यापीठाला वार सापडला तो पुन्हा मंगळवारच.

दहाच्या सुमाराला डॉक्टर बोआफो आल्या. शिकवणाऱ्या त्याच, पुस्तकही त्यांचंच. मागोमाग आठदहा पोरं आणि एक कॅमेरा. देदेई गालांपासून पायांपर्यंत राख फासून, फाटका कपडा नेसून भट्टीपाशी उभी राहिली आणि धूर डोळ्यात जावा म्हणून मुद्दाम पुढे वाकली.

तेवढ्यात ओकायले आली. निळी लेस, गळ्यात सोन्याचे मणी, ताज्या घातलेल्या बारीक वेण्या.

"काय गं, लग्नाला निघालीस?" देदेईने टोमणा मारला.

"आणि तू काय चुलीत पडलीस?" ओकायले म्हणाली. मग आवाज उतरवून पुटपुटली, "माझ्या सुनेच्या माहेरी पोचलं गं ते पुस्तक. काळ्या तोंडाची विहीण म्हणून हसले मला. लाजेने मेले मी. आज तरी नीट येऊ दे."

देदेईला हे ऐकूच आलं नाही. तिची नजर त्या मण्यांवर होती.

"वा, ओकायलेमावशी! अगदी हेच हवं होतं," बोआफोबाई खूश झाल्या. पोरांकडे वळून म्हणाल्या, "बघा रे. आफ्रिका म्हणजे धूर, फाटका कपडा आणि दमलेली बाई, हे चित्र आपल्याला पुसायचंय." मग त्यांनी देदेईच्या खांद्यावर हलकेच हात ठेवला. "आई, तुम्ही जरा बाजूला होता का?"

पोरं खाली बघायला लागली.

"बाई, भट्टी माझ्या आईची आहे," त्सोत्सू कशीबशी बोलली.

"हो का? मग आत त्यांचे आभार छापू हं."

देदेई जागची हलली नाही. ओकायले मणी सारखे करून तिच्या भट्टीवर हात ठेवून उभी राहिली आणि कॅमेऱ्याकडे बघून हसली. त्या हसण्यात खोट नव्हती, आणि तेच देदेईला जास्त लागलं.

तिने भट्टीवरची, मासे मांडलेली वरची तारेची जाळी उचलली. मग दुसरी. तारलीने भरलेल्या पाचही जाळ्या एकीवर एक रचल्या, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि चळत उचलून वर घेतली.

"काढा की फोटो खुशाल. मासे माझे आहेत, ते मी घरी नेते."

"अगं, निदान एक जाळी तरी ठेव!" ओकायले कळवळली.

"कशाला? गळ्यात एवढं सोनं आहे, त्यालाच दे धुरी."

देदेई ताठ मानेने निघाली. मागे कॅमेरा वाजला.

सहा महिन्यांनी नवं पुस्तक आलं. मुखपृष्ठावर सोन्याने मढलेली ओकायले, छान हसरी, आणि तिच्यामागे रिकामी भट्टी. आत आभारात देदेईचं नाव शोधून सापडलं नाही. पण मुखपृष्ठाच्या अगदी डाव्या कडेला, चित्राबाहेर निघालेली, राखेने पांढरी पडलेली एक टाच आली होती.

देदेईने ते पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाजारातल्या आपल्या मासळीच्या दुकानाच्या खांबाला टांगलंय. ओकायलेच्या तोंडावरून ती बोट झरकन पुढे नेते आणि त्या कडेवर ठेवते.

"ही टाच माझी," ती सांगते.

टाच नीट बघितल्याशिवाय ती कुणाला तारली देत नाही.