मगावरची मिशी

पेणकर साहेबांच्या निरोप समारंभात जयपूरच्या ऑफिसनं त्यांना जयपुरी साफा बांधला आणि निळ्या पॉटरीचा मग दिला. मगावर साहेबांच्या चेहऱ्याला चौकोनी मिशी रंगवून खाली लिहिलं होतं, ‘हमारे हिटलर सर’. शिस्तीच्या माणसाला प्रेमानं दिलेलं नाव म्हणून सगळे हसले. हाताखालच्या प्रणिताला साहेबांनीच शिकवलं होतं, “पटलं नाही तर भर सभेत बोलायचं, मागाहून कँटीनमध्ये नाही.” ती उठली. “सर यहूदी हैं. हिटलर ने इनके लाखों लोग मारे.” मॅनेजर ओशाळला. “मजाक था, मॅडम. ग्रुप पर वोटिंग हुई थी, बहुमत से चुना है.” साहेबांनी तिला बसायची खूण केली. ती बसली. समारंभानंतर ऑफिसच्या फाटकाशी तो मग तिच्या हातात देत साहेब म्हणाले, “इतकी वर्षं मीच हे नाव हसण्यावारी नेलं. मी सांगितलं तरी तू बसायला नको होतंस.”