लांबचा दवाखाना

“इतका उशीर का केलात?” उदगीरच्या डॉक्टरांनी ज्योतीचा एक्स-रे उजेडात धरून विचारलं. “टीबी आहे. खटकचिंचोळीत तुमच्या घराजवळ सरकारी दवाखाना आहे ना? तिथंही तपासणी झाली असती. फुकट.”

उद्धवरावांनी लेकीच्या फ्रॉकची कॉलर सारखी केली. दवाखाना घराजवळ होता, हीच तर अडचण होती. त्यांच्या धाकट्या बहिणीची, दीपमालाची, सोयरीक जुळत आली होती. घरातलं लेकरू खोकतंय हे गावात फुटलं असतं तर पाहुणे दारातूनच माघारी फिरले असते. म्हणून दोन महिने ते घरीच खोकल्याच्या बाटल्या पाजत राहिले. तिसऱ्या महिन्यात आठ वर्षांच्या पोरीला घेऊन, दोन बस बदलत, इथं तपासण्यांसाठी येऊ लागले. गावाला सांगायचं, कापडदुकानात माल भरायला चाललोय. व्यापारी माणूस, थाप मारली तरी पुराव्यासकट! दर खेपेला गठ्ठाभर टॉवेल घेऊनच परतायचे. आता दुकानात टॉवेल ठेवायला जागा उरली नव्हती आणि ज्योती चार किलो उतरली होती. आपल्या हुशारीची उद्धवरावांना आज मनापासून लाज वाटली.

“सहा महिने औषध नीट दिलं की बरी होईल,” डॉक्टर म्हणाले. “पण लहान मुलांना हे बहुतेक मोठ्या माणसाकडून लागतं. तिच्या आसपास कोण खोकतं?”

“कुणीच न्हाई, साहेब,” उद्धवराव छातीठोकपणे म्हणाले.

बाहेर बाकावर एक माणूस तोंडाला रुमाल बांधून, टोपी कपाळावर ओढून बसला होता. ज्योतीनं त्याला लगेच ओळखलं.

“सर!”

नरसिंग सर दचकून उभे राहिले. रोज संध्याकाळी ज्योती त्यांच्याच खोलीत शिकवणीला बसायची.

“मी... पुस्तकं घ्यायला आलो होतो,” सर म्हणाले.

“मी टॉवेल,” उद्धवराव म्हणाले.

दोघांच्याही काखेत एक्स-रेचं पाकीट होतं. उद्धवरावांनी सरांच्या पाकिटाकडं बोट केलं.

“कवापासून, सर?”

“खोकला दिवाळीपासून. गोळ्या चालू करून महिना झाला. शिकवणीतल्या लेकरांची तपासणी करून घ्या म्हणून डॉक्टरनं सांगितलं होतं.” सरांचा आवाज खाली गेला. “पण मी गावात सांगितलं असतं, तर तुमी लेकरं पाठवली असती का?”

उद्धवरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांचा हात उचललासुद्धा गेला. तेवढ्यात सरांनी हात जोडले. “गावात सांगू नका, अण्णा.”

उद्धवरावांच्या तोंडात शिवी तयार होती. बाहेर मात्र भलतंच पडलं. “न्हाई सांगत. तुमीबी आमच्या ज्योतीचं कुणाला बोलू नका.”

दोघांनाही जरा हायसं वाटलं.

ज्योती एकदा सरांकडं, एकदा बापाकडं बघत होती. “अप्पा,” ती म्हणाली, “मग चैत्राला कोण सांगणार? शिकवणीत ती माझ्याजवळच बसती. तीबी लई खोकायलीय.”