सात वेढे

"हे मोजे आता मी नसले तरी एकटेच जाऊन खेळून येतील," लंबू नाक मुरडत पुटपुटली. "पाय घालायचा तर आधी यांची परवानगी काढावी लागते."

"घाल गुपचूप," कप्तान म्हणाली. "सर ऐकतील."

सर ऐकत होतेच. त्यांनी ड्रेसिंग रूमच्या दाराला आतून कडी घातली, ओढून पाहिली आणि स्टुलावर येऊन बसले. सामन्याआधी वीस मिनिटं कुणी आत यायचं नाही, कुणी बाहेर जायचं नाही, हा त्यांचा नियम.

दुसरा नियम या हंगामातला. कॉलेजच्या मुलींनी बास्केटबॉलचा पहिला सामना जिंकला आणि आनंदाच्या भरात कपडे धुवायचे राहून गेले. दुसराही जिंकला, तेव्हा सरांनी फर्मान काढलं, हरेपर्यंत काही धुवायचं नाही, काही बदलायचं नाही. मुली हरल्याच नाहीत. आज तेरावा सामना, अंतिम. सत्तावीस वर्षं शिकवूनही सरांच्या हाती करंडक लागला नव्हता आणि महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते.

खोलीला खिडकी नव्हती. बारा सामन्यांचा घाम आत कोंडला होता. भिंतीपलीकडे प्रेक्षक पाय आपटत होते.

"ये," सर म्हणाले. कप्तानने बाकावर बसून उजवा पाय त्यांच्या मांडीवर ठेवला.

पाचव्या सामन्यात तिचा गुडघा मुरगळला होता. तेव्हापासून दर सामन्याआधी सर स्वतःच्या हातांनी बँडेज बांधायचे. तेच ते, एकच. "घट्ट बसलं ना?" एवढंच विचारायचे. दुखतंय का, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. कप्तान वाट बघायची. आपणहून सांगायला तिची जीभ उचलत नव्हती; पण सरांनी विचारलं असतं, तर खोटं बोलणंही तिला जमलं नसतं. हल्ली ती जिना उलटी उतरायची. मुली तिच्या पुढेमागे अशा काही खिदळत उतरायच्या, जणू जिने उलटेच उतरायचे असतात.

सर वेढे घालू लागले. मोजताना त्यांचे ओठ हलायचे. पहिल्या वेळी सात बसले होते.

आज सहावा अर्ध्यातच संपला. क्लिप पोहोचेना. सरांनी बँडेज ताणून पाहिलं. कप्तानने बाकाची कड घट्ट धरली.

"आटलंय वाटतं," सर म्हणाले.

"न धुताच?" लंबूच्या तोंडून निघून गेलं.

बुटांच्या नाड्या बांधणारे सगळे हात थांबले. दारावर थाप पडली. पंच बोलावत होते. कुणी उठलं नाही.

"सर," कप्तान म्हणाली, "एकदा विचारा ना."

सरांनी मान वर केली नाही. एका हातात बँडेजचं टोक, दुसऱ्या हातात क्लिप. मग गुडघ्याशीच बोलल्यासारखे हळूच म्हणाले,

"विचारलं, तर तुला थांबवावं लागेल गं पोरी."