डाळमिलमधला तास

दुसऱ्या वर्षाच्या तत्त्वज्ञानाच्या वर्गात डिंपल एकटीच उरली, तेव्हा तिनेही विषय बदलायचं ठरवलं. अर्जावर वडिलांची सही हवी होती, म्हणून दुपारच्या सुट्टीत ती जळगावच्या डाळमिलमध्ये गेली. लोटनभाऊ तिथे हमाल होते. घरी जेवताना ते रोज विचारायचे, "आज काय शिकवलं?" आणि डिंपल दोन वाक्यांत सांगून मोकळी व्हायची.

गेटपाशीच तिला भांडण ऐकू आलं. डबे उघडे टाकून सात-आठ हमाल पोत्यांवर बसले होते.

"मालक बदलना, मशिनी बदलन्यात, जुना हमालबी गयात. मंग मिल तीच कशी शे?" एक जण तावातावाने विचारत होता आणि लोटनभाऊ डोकं खाजवत होते.

डिंपल थबकली. सगळं बदललं तरी वस्तू तीच राहते का, हे कालच तर तिने वडिलांना सांगितलं होतं.

डाळ पाखडणाऱ्या भिकुबाईंनी तिला हाक मारली. "तू लोटनभाऊनी पोर शे ना? बरं व्हयनं तू उनी. तुना बाप रोज सवाल आणस, पण जबाब अर्धाच सांगस. आते तूच सांग."

अर्ज पिशवीतच राहिला. डिंपल बोलू लागली. कुणी तिला मध्येच अडवायचं, कुणी उलटा प्रश्न टाकायचं. तिला जोर चढत गेला.

सुट्टी संपल्याचा भोंगा वाजला. मुकादम आला, तसे सगळे गडबडीने उठले.

"बसा रे," एक पोतं ओढून टेकत तो म्हणाला, "पोरले पुरं सांगू द्या."